डेटॉलचं दूध आणि मुरुमावरचं तेल

घरात कुणी खरचटून आलं की वाटीभर पाण्यात बुचभर डेटॉल ओतलं जातं. बाटलीत ते काचेसारखं स्वच्छ, कोऱ्या चहाच्या रंगाचं असतं. पाण्यात पडलं की पांढरा ढग वळसे घेत खाली उतरतो आणि बघता बघता सगळं पाणी दुधासारखं होतं. लहानपणी मी जखम विसरून ते बघत बसायचे. पुढे फार्मसी शिकताना त्या ढगाचं कारण कळलं. आज ज्या विषयावर लिहिते आहे, म्हणजे वनस्पतींच्या अर्कतेलांचे अतिसूक्ष्म थेंब करून ते त्वचेच्या तक्रारींवर वापरणं, त्याचं निम्मं शास्त्र त्या वाटीत आहे.

डेटॉलच्या लेबलवर टर्पिनिऑल हे नाव सापडतं. पाइनच्या तेलात असणारा हा सुवासिक घटक पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. बाटलीत अल्कोहोल आणि साबण मिळून त्याला विरघळलेल्या स्थितीत धरून ठेवतात. वाटीतल्या पाण्यात ते अल्कोहोल पांगतं, तेलाचा आधार सुटतो आणि ते क्षणात असंख्य बारीक थेंबांच्या रूपात बाहेर पडतं. त्या थेंबांवर आपटून प्रकाश चहूकडे विखुरतो, म्हणून पाणी पांढरं दिसतं. साबणाचे रेणू प्रत्येक थेंबाभोवती कडं करून उभे राहतात, त्यामुळे थेंब लगेच एकमेकांत मिसळत नाहीत. मिसळीच्या कटात असं कडं करणारं फारसं कुणी नसतं, म्हणून तिथे तेल बिनदिक्कत वर येऊन तर्री होते.

पाण्यात तेल असं थेंबाथेंबाने टिकून राहिलं की त्याला इमल्शन म्हणायचं. मराठी विज्ञानग्रंथांत त्याला ‘पायस’ असा गोड शब्द आहे. दूध हेही पायसच. गाईच्या ताज्या दुधातला स्निग्धाचा थेंब सरासरी 3,000 ते 4,000 नॅनोमीटरचा असतो. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपला केस साधारण 80,000 नॅनोमीटर जाड असतो. नॅनोइमल्शनमधले थेंब मात्र साधारण 20 ते 200 नॅनोमीटरचे. इतके लहान झाले की ते प्रकाशाला फारसे अडवत नाहीत आणि दुधाळपणा विरत जातो. निळसर झाक असलेलं, धूसर काचेसारखं द्रावण दिसतं. थेंब फारच लहान असले तर ते पाण्यासारखं पारदर्शकही दिसतं.

लहान करून काय मिळतं, हे एका हिशोबाने बघू. 1 मिलिलिटर तेलाचा एकच गोल थेंब केला तर त्याचा पृष्ठभाग 5 चौरस सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. तेच तेल 100 नॅनोमीटरच्या थेंबांत वाटलं तर थेंब होतात जवळपास वीस कोटी कोटी आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग 60 चौरस मीटर, म्हणजे साडेसहाशे चौरस फूट. मुंबईतल्या बऱ्याच कुटुंबांचं अख्खं घर एवढ्या जागेत बसतं. चमचाभरही नसलेलं तेल एवढं पसरतं, तेव्हा त्वचेला आणि तिच्यावरच्या जंतूंना त्याचा स्पर्श किती सर्वदूर होत असेल!

आता तेलाबद्दल. इथे घोटाळा फार होतो, म्हणून जरा थांबून सांगते. खोबरेल, तीळ, करंज, कडुनिंबाच्या बियांचं तेल ही स्थिर तेलं. भजीच्या कागदावरचा डाग दुसऱ्या दिवशीही तसाच राहतो, ते यांचं लक्षण. निलगिरी, लवंग, गवती चहा, टी ट्री यांची तेलं वेगळ्या जातीची. ती बहुधा पाण्याच्या वाफेवर ऊर्ध्वपातन करून काढतात आणि कागदावर टाकली तर उडून जातात. यांना इसेन्शियल ऑइल म्हणतात. मी अर्कतेल म्हणणार आहे. ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल, कापूर हे अशाच तेलांतले घट्ट झालेले घटक. ही तिन्ही समभाग एका बाटलीत ठेवली की आपोआप पातळ होऊन अमृतधारा तयार होते, हे घरोघरच्या आज्यांना ठाऊक आहे.

ही तेलं जंतूंना मारतात हे खरं आहे. जिवाणू आणि बुरशीच्या पेशीभोवतालचं आवरण स्निग्ध असतं. अर्कतेलाचे रेणू त्यात घुसतात, त्याची घट्ट वीण सैल करतात आणि आतलं पोटॅशियम बाहेर पाझरू लागतं. भांड्याला भोक पडलं की ते रिकामं होणारच. पण आपल्या त्वचेतल्या पेशींचं आवरणही स्निग्धच आहे. तेल त्यांना वेगळं ओळखत नाही. पुढचा सगळा प्रश्न इथून सुरू होतो.

सगळ्यात जास्त तपासलं गेलेलं उदाहरण टी ट्री तेलाचं. आपल्या चहाशी त्याचा संबंध नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या उत्तरेकडच्या दलदलीत वाढणारं मेलाल्युका हे झाड, तिथले मूळ रहिवासी बुंजालुंग लोक त्याची पानं जखमांवर वापरत. 1920 च्या दशकात सिडनीचे रसायनशास्त्रज्ञ आर्थर पेनफोल्ड यांनी दाखवलं की हे तेल त्या काळच्या कार्बोलिक आम्लापेक्षा कितीतरी पटींनी प्रभावी जंतुनाशक आहे. त्यातला मुख्य घटक टर्पिनेन-4-ऑल, म्हणजे डेटॉलमधल्या टर्पिनिऑलचा सख्खा चुलतभाऊ. दोघांत अणू तेच आणि तितकेच, फक्त जोडणी वेगळी.

1990 साली ऑस्ट्रेलियात मुरुमांच्या 124 रुग्णांवर एक चाचणी झाली. निम्म्यांना 5 टक्के टी ट्री जेल, निम्म्यांना 5 टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड, हे मुरुमांवरचं नेहमीचं औषध. दोन्ही गटांत मुरूम कमी झाले. टी ट्रीचा गुण उशिरा आला, पण त्वचा कोरडी पडण्याचा आणि आग होण्याचा त्रास कमी झाला. मुरुमांच्या बाबतीत म्हणूनच या तेलाबद्दल मी आशेने बोलते.

पायाच्या बोटांमधल्या बुरशीची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि मला ती जास्त शिकवून जाते. 10 टक्के टी ट्री क्रीमची चाचणी झाली तेव्हा खाज, सालपटं, आग हे सगळं कमी झालं. पण नमुने तपासले तर बहुतेकांत बुरशी तिथेच होती. रुग्णाला बरं वाटत होतं, बुरशीला फारसं काही झालं नव्हतं. पुढे 25 आणि 50 टक्के द्रावणं वापरून पाहिली. आता खऱ्या अर्थाने बरे होणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, पण काही जणांच्या त्वचेला दाह झाला आणि त्यांना औषध थांबवावं लागलं. कमी घातलं तर बुरशी मरत नाही, जास्त घातलं तर कातडी सोलते. नॅनोइमल्शनकडे संशोधक वळले ते या कोंडीतून सुटायला: कमी तेलात तेवढाच परिणाम मिळेल का?

त्यासाठी त्वचेची रचना बघायला हवी. औषधाला अडवणारा त्वचेचा सगळ्यात वरचा थर फार पातळ आहे, बहुतेक ठिकाणी 10 ते 20 मायक्रोमीटर, म्हणजे 10,000 ते 20,000 नॅनोमीटर. फार तर केसाच्या जाडीच्या चौथाईएवढा. त्यात मेलेल्या, चपट्या पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लांचा गिलावा. पाणी आत-बाहेर होऊ न देणारा तो हा गिलावा. त्वचेतून औषध आत जायचं तर रेणूचं वजन साधारण 500 डाल्टनच्या आत असावं, असा एक ढोबळ नियम आहे. डाल्टन हे रेणूंचं वजन मोजायचं एकक.

टर्पिनेन-4-ऑलचं वजन आहे 154. लवंगेतल्या युजेनॉलचं 164, पुदिन्यातल्या मेंथॉलचं 156. शिवाय ही सगळी स्निग्धप्रेमी, गिलाव्यात सहज विरघळणारी. म्हणजे हे रेणू मुळातच आत जाण्याइतके लहान आहेत! ‘नॅनो असल्यामुळे त्वचेत खोलवर शिरतं’ ही जाहिरातीतली ओळ इथे फसवी ठरते. 100 नॅनोमीटरचा थेंब तर रेणूच्या मानाने अवाढव्य असतो. विटांमधल्या अरुंद फटीतून तो अख्खा जाऊ शकत नाही. तो पृष्ठभागावर पसरतो, फुटतो, गिलाव्याच्या स्निग्धात मिसळतो आणि त्याच्यातले रेणू एकेक करून आत झिरपतात.

मग फायदा कशात? पहिला, उडून जाण्यात. नुसतं अर्कतेल उघड्या त्वचेवर लावलं की त्यातलं बहुतांश काही वेळात हवेत जातं. खोलीभर वास येतो तो त्याचाच. जाता जाता जिथे दाट थेंब पडला तिथे चटका देऊन जातं. तेच तेल थेंबाथेंबाने जेलमध्ये अडकवलेलं असलं तर हळूहळू सुटतं, त्वचेवर जास्त वेळ राहतं आणि प्रत्येक ठिकाणी सारखंच पोहोचतं. सारखं पोहोचणं याला मी फार महत्त्व देते. 5 टक्के जेल म्हणजे त्वचेच्या प्रत्येक कणाला 5 टक्केच मिळायला हवं. एकीकडे 1 आणि दुसरीकडे 40 असं झालं तर त्या आकड्याला अर्थ उरत नाही.

दुसरा फायदा केसांच्या मुळाशी आहे, आणि मुरुमांसाठी तो मोलाचा. केस जिथून उगवतो ती खोल, अरुंद विहीर म्हणजे केशकूप. तैलग्रंथी तिच्यात उघडते आणि मुरुमाला हातभार लावणारे जिवाणू तिथल्या स्निग्धात राहतात. मलम चोळलं की सूक्ष्म थेंब या विहिरींत उतरून साठतात. पाण्यात मिसळलेलं औषध त्या तेलकट बिळात नीट शिरत नाही. तेलाचा थेंब शिरतो आणि तिथल्या तेलात विरघळतो. ज्या जागी औषध हवं तिथेच ते थांबलं, तर एकूण मात्रा कमी करता येते. शिवाय पाण्याचं प्रमाण जास्त असल्याने चेहरा तेलकट होत नाही. आधीच चेहरा तेलकट म्हणून वैतागलेल्या मुलीला तेल लावायला सांगून बघा, म्हणजे हे किती मोठं आहे ते कळेल.

नॅनोइमल्शन त्वचेवर काम करतं याचा पक्का पुरावा अर्कतेलाबाहेरही आहे. उन्हाने खराब झालेल्या त्वचेवर कर्करोगाच्या वाटेवरचे खरखरीत चट्टे येतात. त्यांच्यावरचं अमिनोलेव्ह्युलिनिक आम्लाचं एक नॅनोइमल्शन जेल युरोपात 2011 मध्ये आणि अमेरिकेत 2016 मध्ये मंजूर झालं. ते लावून त्यावर लाल प्रकाश टाकतात.

आता हे बनवतात कसं? घरच्या मिक्सरने नक्कीच नाही, व्हिडिओत कुणी काहीही दाखवो. मिक्सर फार तर दुधाएवढ्या थेंबांपर्यंत नेतो. घरच्या कुकरमध्ये वातावरणापेक्षा साधारण 1 बार जास्त दाब असतो. उच्च दाबाचं होमोजिनायझर यंत्र त्याच्या हजारपट दाबाने मिश्रण केसाएवढ्या फटीतून ढकलतं आणि थेंब चिरडले जातात. दुसरी पद्धत श्राव्यातीत ध्वनीची. सेकंदाला 20,000 वेळा थरथरणारी धातूची कांडी मिश्रणात बुडवतात. तिने द्रव तापतो आणि अर्कतेल उडायला लागतं, म्हणून भांडं बर्फात ठेवतात. तिसरी पद्धत डेटॉलचीच: तेल आणि ट्वीन 80 सारखा सौम्य साबण-स्वभावाचा पदार्थ आधी मिसळायचा, मग पाण्यात थेंबाथेंबाने सोडायचा. यंत्र लागत नाही, पण ट्वीन भरपूर लागतो.

बनवणं त्या मानाने सोपं. टिकवणं अवघड. कॉलेजात मी पहिल्यांदा लवंगतेलाचं नॅनोइमल्शन केलं तेव्हा कुपी उजेडात धरून मैत्रिणींना दाखवली होती, इतकं नितळ झालं होतं. आठवड्याने फळीवर पाहिलं तर दुधाळ, आणि पंधरा दिवसांनी तोंडाशी तेलाची कडी. कुणी हात लावला नव्हता.

झालं होतं ते असं. साबणाचे दोन फुगे एकमेकांना चिकटले आणि मधला पडदा फुटला नाही, तर लहान फुग्यातली हवा त्या पडद्यातून हळूहळू मोठ्यात जाते. लहान आक्रसतो, मोठा फुगतो. कारण लहान फुग्याच्या आत दाब जास्त असतो. थेंबांचंही तसंच. लहान थेंबातले रेणू बाहेर पडायला जास्त उत्सुक असतात. ते पाण्यात किंचित विरघळतात, सरकत जातात आणि मोठ्या थेंबात जाऊन बसतात. रसायनशास्त्रात याला ऑस्टवाल्ड पक्वन म्हणतात. स्थिर तेलात हे फार सावकाश होतं, कारण त्याचे रेणू पाण्यात विरघळतच नाहीत. अर्कतेलाचे रेणू थोडे का होईना विरघळतात, म्हणून त्यांचं नॅनोइमल्शन जात्याच चंचल.

यावरचा उपाय मला फार आवडतो. अर्कतेलात आधीच थोडं तिळाचं किंवा मक्याचं स्थिर तेल मिसळायचं. लहान थेंबातलं अर्कतेल पळू लागलं की मागे उरलेल्या थेंबात स्थिर तेलाचं प्रमाण वाढत जातं, तो थेंब पळालेल्याला परत ओढू लागतो आणि गळती थांबते. पण इथेही मात्रा सांभाळावी लागते. स्थिर तेल फार झालं तर अर्कतेल त्यातच इतकं रमतं की जंतूपर्यंत जायला तयार होत नाही. थेंब वर्षभर टिकतो आणि काम करत नाही. ट्वीन जास्त झाला तरी तेच, तोही तेलाला आपल्याकडे धरून ठेवतो आणि वर त्वचेचा गिलावा विरघळवतो. टिकाऊपणा आणि गुण एकमेकांच्या विरुद्ध खेचत असतात. चांगलं सूत्र म्हणजे या दोघांमधली जागा शोधणं, आणि त्यात संशोधकांची वर्षं जातात.

गुण तपासतात तेव्हा काचेच्या दोन कप्प्यांमध्ये डुकराच्या कानाची कातडी ताणून बसवतात, वर जेल लावतात आणि खालच्या द्रवात दर तासाला किती औषध उतरलं ते मोजतात. डुकराच्या कानाची कातडी आपल्या त्वचेशी बरीच मिळतीजुळती असते. अर्कतेलांच्या नॅनोइमल्शनचे बहुतेक निष्कर्ष अशा कातडीवरचे, बशीतल्या जंतूंवरचे किंवा उंदरांवरचे आहेत. माणसांवरच्या मोठ्या चाचण्या अजून थोड्या आहेत. ‘नॅनो टी ट्रीने मुरूम बरे होतात हे सिद्ध झालं’ असं कुणी म्हणालं तर ते कशावर सिद्ध झालं, हे विचारायलाच हवं. भारतात जैवतंत्रज्ञान विभाग, आयसीएमआर आणि औषध नियंत्रण यंत्रणेने 2019 मध्ये नॅनो औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. ती औषधांसाठी आहेत. सौंदर्यप्रसाधन म्हणून विकलेल्या फेसवॉशवर ‘नॅनो’ लिहिलं म्हणून ते त्या चाळणीतून गेलं असं होत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. गेल्या काही वर्षांत नायटा, ज्याला आपण गजकर्णही म्हणतो, हट्टी झाला आहे. घरातली चारही माणसं महिनोन् महिने खाजवत असतात. जपानी संशोधकांनी 2020 मध्ये भारतीय आणि नेपाळी रुग्णांकडून मिळालेल्या बुरशीला ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए असं नाव दिलं. तिच्या अनेक वाणांवर टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध चालत नाही. त्यात भर पडते दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या स्टिरॉइड मिसळलेल्या मलमांची. दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते आणि बुरशी शांतपणे पसरत राहते. बोटांमधल्या बुरशीची 10 टक्के क्रीमची गोष्ट आठवा: बरं वाटणं आणि बरं होणं यांत तेच अंतर. म्हणूनच बुरशीला नव्या मार्गाने मारणाऱ्या पदार्थांचा शोध गरजेचा आहे, आणि युजेनॉल, गवती चहातलं सिट्राल यांसारख्या घटकांवर आपल्या प्रयोगशाळांत होणाऱ्या कामाकडे मी आस्थेने बघते. तोपर्यंत गजकर्णासाठी जागा त्वचारोगतज्ज्ञांकडेच. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या.

आणि एक धोका, ज्याच्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही. जे तंत्र औषधाला नीट पोहोचवतं ते त्रासदायक घटकालाही तितकंच नीट पोहोचवतं. अर्कतेल हवेत आणि उजेडात राहिलं की त्याचं ऑक्सिडीकरण होतं. जुन्या टी ट्री तेलात, शिळ्या लिंबूवर्गीय तेलात तयार होणारे पदार्थ त्वचेची ॲलर्जी जडवण्यात मूळ तेलापेक्षा वाईट असतात. थेंब लहान केल्याने पृष्ठभाग साडेसहाशे चौरस फूट झाला, हे आपण कौतुकाने मोजलं; ऑक्सिजनलाही तेवढंच अंगण मिळालं. एकदा जडलेली ॲलर्जी सहसा जात नाही. मग त्याच घटकाचा साबण, अत्तर, डासांचं मलम सगळंच टाळावं लागतं. इसब असलेल्यांच्या त्वचेचा गिलावा आधीच तडकलेला असतो. त्यांनी ‘नैसर्गिक आहे’ एवढ्या भरवशावर यातलं काही लावू नये. कापूर आणि निलगिरीची तेलं लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नयेत. पोटात गेली तर त्यांना झटके येऊ शकतात.

तरीही वापरायचंच असेल तर लेबलवर तेलाचं वनस्पतिशास्त्रीय नाव आणि टक्केवारी आहे का बघा. मुरुमांसाठी तपासलं गेलेलं प्रमाण 5 टक्के आहे. नुसतं तेल बोटावर घेऊन गालाला लावू नका. आजी कापूर खोबरेलात कढवून लावायची, तिला पातळ करण्याचं महत्त्व कळलं होतं. जेल आणलं की कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर आठवडाभर दिवसातून दोनदा लावून पाहा. लाली किंवा खाज आली तर चेहऱ्याला लावू नका. बाटली गडद रंगाची असावी, ती थंड जागी ठेवावी, आणि बूच काढल्यावर मूळ वासाऐवजी टर्पेंटाइनसारखा उग्र दर्प आला, किंवा कडेने तेलाची रेघ दिसली, तर ती हलवून पुन्हा एकजीव करण्याच्या भानगडीत पडू नये. दर्प आला म्हणजे तेल शिळं झालं, रेघ दिसली म्हणजे थेंब एकमेकांत मिसळले. ती टाकून द्यावी.